एकसारखी तकाकी

चकाकणाऱ्या वस्तूंसाठी मराठीत शब्दांची कधी वाण पडली नाही. सोन्याला ओप असतो, मोत्याला पाणी असते, शस्त्राला झिलई, घासलेल्या भांड्याला लखलखाट, जरीला झगमग, घोड्याच्या पाठीला तुकतुकी आणि लाकडाला तकाकी. समानार्थी शब्द शिकवताना आम्ही हे सारे फळ्यावर एका ओळीत लिहितो आणि लगेच सांगतो, की यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा, वाक्य बिघडते. मोती झगमगत नाही आणि घोडा लखलखत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत घरच्या घरी थोडे लाकडी सामान केल्यापासून या शब्दांकडे पाहण्याची आमची नजर जराशी बदलली आहे. पृष्ठभागावर पडलेला प्रकाश कसा परततो, याचे हे बारकाईने केलेले वर्गीकरण आहे असे आता वाटते. ज्या सोनारांनी, कासारांनी, सुतारांनी ते रुळवले, त्यांना हा विषय पुस्तकातून नव्हे, हातांतून कळला असणार.

विषय तसा साधा आहे. अगदी गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश आरशासारखा एकाच दिशेने परततो, खडबडीत पृष्ठभागावरून तो चहूकडे विखुरतो. हा खडबडीतपणा बोटाला जाणवेल इतका असण्याची गरज नाही. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे चढउतारही पुरतात. रंगांच्या उद्योगात ही तकाकी मोजणारे एक यंत्र असते, त्याला ग्लॉसमीटर म्हणतात. ते साधारणपणे ६० अंशांच्या कोनातून प्रकाश टाकते आणि परतलेला मोजते. घोटलेल्या काळ्या काचेचे माप १०० धरलेले असते. त्या मापावर १० च्या आत आले की मॅट, ७० च्या पुढे गेले की ग्लॉस, आणि मधल्या प्रदेशाला सॅटिन, सेमी-ग्लॉस अशी दुकानदारी नावे आहेत. आपला डोळा असा आकडा सांगू शकत नाही. मात्र शेजारशेजारच्या दोन जागांमधला फरक तो क्षणात पकडतो. एखादे टेबल मंद आहे की झगझगीत आहे याची तक्रार सहसा कोणी करत नाही. त्याच्या एका कोपऱ्यात मंद आणि दुसऱ्यात झगझगीत असे दिसले, की पाहुणासुद्धा हात फिरवून पाहतो. घरी सामान करणाऱ्यांची खरी अडचण इथे असते. तकाकी आणणे अवघड नाही. ती सगळीकडे एकसारखी आणणे अवघड आहे.

आमच्यापुरती ही अडचण एका वाड्यातून आली. सातारा जिल्ह्यातला आमचा जुना वाडा २०२३ च्या उन्हाळ्यात उतरवला. दोन भिंती पावसाने आधीच खचलेल्या होत्या, भावकीत वाटण्या झालेल्या होत्या, आणि आई (म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि एकीच्या सासूबाई) बरीच वर्षे आमच्याकडे शहरातल्या फ्लॅटमध्ये राहत होत्या. आमच्या वाट्याला सागाच्या तीन तुळया, माजघराच्या दाराच्या दोन फळ्या आणि देवघरातली एक जाड फळी आली. जुन्या लाकडाचे व्यापारी दारात येऊन भाव सांगून गेले. आई म्हणाल्या, “घर गेलं ते गेलं. लाकूड पायाने चालत दाराशी आलंय, त्याला परत पाठवू नका.” मग ठरले, की त्याचे एक पुस्तकांचे कपाट आणि आईंना वाचायला एक उतरते मेज करायचे, आणि ते आम्हीच करायचे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. मात्र आमच्यापैकी एकाला शाळेत सुतारकामाचा तास होता, आणि रंधा हातातून अजून पुरता सुटलेला नव्हता. वखारीत तुळया चिरून घेतल्या, आतले खिळे चुंबकाने शोधून उपटले, कमी पडले तेवढे नवे सागवान आणले. बाकीचे काम रविवारमागून रविवार करत वर्षभरात झाले. कपाट उभे राहिले तेव्हा काम संपले असे घरातल्या सगळ्यांना वाटले. ज्यांच्या दुकानात आम्ही अवघड काप काढून घेत होतो ते मिस्त्री मात्र येऊन, पाहून म्हणाले, “सर, मॅडम, हे अर्धं झालं. राहिलेलं अर्धं नीट जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. फसलं की मात्र तेवढंच दिसतं.”

त्यांच्याच सल्ल्याने आम्ही आधी उरलेल्या तुकड्यांवर प्रयोग केले. तुळईचे, दाराचे, देवघराच्या फळीचे आणि नव्या सागाचे तीन-तीन तुकडे घेतले, मागच्या बाजूला पेन्सिलीने क्रमांक घातले, आणि सगळ्यांवर एकाच डब्यातले सॅटिन पीयू सारखेच दोन वेळा लावले. एकच लाकूड, एकच डबा, एकच ब्रश, एकच हात. तरी दुसऱ्या दिवशी चार जातींची चार तोंडे. तुळईचा तुकडा शांत, भरीव दिसत होता. दाराचा तुकडा मध्येच कोरडा वाटत होता. नव्या सागावर रेषांच्या जागी बारीक खळगे राहून ते ठिपक्यांसारखे चमचमत होते. आणि देवघराच्या फळीवर पॉलिश जागोजाग मागे सरकून गोल गोल बेटे झाली होती, तव्यावर पाण्याचा थेंब आक्रसतो तशी. हे तुकडे आम्ही तपासलेल्या उत्तरपत्रिकांसारखे ओळीने मांडले आणि एकेकाचे कारण शोधू लागलो. ती कारणे इथे सविस्तर लिहितो, कारण घरी असे काम करणाऱ्या अनेकांना शेवटचा हात नीट मारला की झाले असे वाटते, आणि ते वाटणे महाग पडते.

पहिले कारण लाकडाची तहान. सागाच्या प्रत्येक वाढवलयात हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या नळ्या तयार होतात आणि नंतरचे लाकूड घट्ट असते. पहिला हात पडला की नळ्या तो पिऊन टाकतात, घट्ट भागावर तो वर राहतो. जिथे थर पातळ उरला तिथे पृष्ठभाग लाकडाचाच खडबडीतपणा घेतो आणि मंद दिसतो. फळीच्या टोकाशी, जिथे नळ्या आडव्या कापल्या जातात, तिथे तहान सर्वांत जास्त. म्हणून टोके इतर भागापेक्षा बारीक कागदाने घासतात, आणि मोकळी रंध्रे आधी भरून घेतात. आमच्याकडे त्याला लांबी भरणे म्हणतात: खडूची पूड, लाकडाचा रंग येण्यापुरती पिवळी माती आणि गेरू, आणि ते धरून ठेवणारे काहीतरी. ही लांबी रंध्रात राहायला हवी, वरची पूर्ण पुसली जायला हवी. राहिली तर लाकडावर पिठूळ पडदा दिसतो.

दुसरे कारण ओरखडे. पॉलिश पेपर ८० क्रमांकापासून १२०, १८०, २२० असा चढत जातो. प्रत्येक क्रमांकाचे काम एवढेच, की आधीच्या क्रमांकाचे ओरखडे काढून आपले जरा बारीक ओरखडे तिथे ठेवायचे. मधला क्रमांक गाळला तर खोल ओरखडे तसेच राहतात, आणि वर कितीही थर दिले तरी तिरप्या उजेडात ते वर येतात. मिस्त्रींची एक युक्ती आम्हाला फार आवडली. प्रत्येक क्रमांकाआधी फळीवर पेन्सिलीने हलक्या नागमोडी रेघा ओढायच्या आणि रेघा सगळीकडून गेल्या की थांबायचे. हात कुठे जास्त फिरला, कुठे फिरलाच नाही, हे त्या रेघा सांगतात. घासताना शिरांच्या दिशेनेच घासायचे, हे तर शाळेतच कानीकपाळी ओरडून शिकवले होते. शेवटी खोलीतले दिवे बंद करून एक दिवा फळीच्या पातळीवर ठेवायचा आणि समोरून पाहायचे. दिवसाउजेडी गुळगुळीत वाटणारी फळी त्या वेळी नांगरलेल्या शेतासारखी दिसते.

तिसरे कारण डिंक. सांध्यातून बाहेर आलेले फेविकॉल ओल्या फडक्याने पुसले, तरी त्याचा पातळ थर रंध्रांत राहू शकतो. तिथे लाकूड काहीच पीत नाही. वाळलेल्या डिंकाचा ठिपका कोऱ्या लाकडावर दिसत नाही, पण स्पिरिटचे फडके फिरवले की ती जागा फिकी राहते आणि उघडी पडते. स्पिरिट उडून जाते, लाकडाचे काही बिघडत नाही, म्हणून ही तपासणी पहिल्या हाताआधी करून घ्यावी.

चौथे कारण डब्यातच असते. मॅट किंवा सॅटिन पॉलिश मंद दिसते, कारण त्यात सिलिकाची अतिसूक्ष्म भुकटी मिसळलेली असते. थर वाळून आक्रसला की ती भुकटी पृष्ठभागाला किंचित खडबडीत करते आणि प्रकाश विखुरतो. ही भुकटी डब्यात तळाशी बसते. न ढवळता वापरले तर कपाटाची पहिली बाजू चकचकीत आणि शेवटची बाजू खडूसारखी होते, आणि दोन्ही बाजूंवर डब्याचे नाव एकच असते. डबा हलवायचा नाही, कारण बुडबुडे येतात. चपट्या काठीने तळ खरवडत सावकाश ढवळायचे, आणि काम चालू असताना पुन्हा पुन्हा ढवळत राहायचे.

पाचवे कारण हवा. स्पिरिट किंवा थिनर भराभर उडते तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो. हवेत पावसाळी ओल असेल तर तिचे पाणी त्या थंड थरावर उतरते आणि पॉलिशवर पांढुरके धुके येते. चपड्याला आणि लॅकरला हा त्रास जास्त. आमच्याकडचे जुने कारागीर आषाढ-श्रावणात पॉलिशची कामे का घेत नाहीत, ते यावरून समजते. दिवाळीनंतर माघापर्यंतचे दिवस या कामाला सगळ्यांत चांगले. धूळ बसू नये म्हणून आधी जमीन पुसून ओलसर ठेवावी आणि पंखा बंद करावा, एवढे पथ्य तरीही लागतेच.

उरली ती देवघराची फळी, आणि तिच्यावरची बेटे. तिचे कारण आम्हाला शोधावे लागले नाही. त्या फळीवर कित्येक दशके समई आणि निरांजने ठेवली गेली होती. तेल आणि तूप सांडत गेले, पुसले गेले आणि लाकडात मुरले. तळहाताएवढा एक काळा डाग फळीच्या मधोमध होता. तेल मुरलेल्या लाकडावर पॉलिश धरत नाही. दाराच्या एका फळीवर वेगळीच अडचण होती. तिच्या कडेला चाकूने केलेल्या आडव्या खुणा होत्या: घरातल्या मुलांची उंची, वर्षावर्षाची. घासून ती फळी सपाट केली की खुणा जाणार, आणि खुणा ठेवल्या तर तिथे तकाकी तुटणार.

मिस्त्रींकडे यावर सरळ उपाय होता. “मशिनला लावू. तीन मिलिमीटर काढले की आतून कोरं करकरीत सागवान निघेल. सगळं एका रंगाचं, एका तोंडाचं.” उपाय खरा होता. जुन्या सागात आत इतके सुंदर लाकूड असते, की ते काढून दाखवण्याचा मोह कोणत्याही सुताराला व्हावा. आम्ही घरी विचारायचे ठरवले. लग्न होऊन कधीच दूर गेलेल्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “एक सूतही काढू नका. त्यात माझ्या सहाव्या वर्षीची खूण आहे.” आई शेजारीच बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “तिला सांगा, ती सणाला यायची आणि जायची. त्या फळीवरचं तेल मी चाळीस वर्षं रोज पुसलंय. मला ते पुन्हा बघायचं नाही. मला नवं, लखलखीत करून द्या.”

जुन्या वस्तूंविषयी लिहिताना आमच्या व्यवसायातली माणसे सहसा ताईंच्या बाजूने बोलतात. वाड्याची आठवण, माजघराचा अंधार, देवघराचा वास यांवर मराठीत इतके लिहिले गेले आहे, की लिहिणाऱ्याचा हात आपोआप त्या वळणाने जातो. ज्यांनी तो अंधार रोज सारवला, त्यांचे म्हणणे त्या लेखनात क्वचित ऐकू येते. आईंचे वाक्य ऐकल्यावर खूण जपणे हेच आपोआप पुण्याचे काम, असे आम्हाला म्हणवेना. आणि तीन मिलिमीटर काढून टाकावेत असेही म्हणवेना. काही दिवस फळ्या भिंतीला टेकून तशाच उभ्या होत्या.

त्यातून वाट निघाली ती लाखेमुळे. लाख हा आपल्याकडचा फार जुना पदार्थ आहे. महाभारतातले लाक्षागृह ज्या लाखेचे, तीच ही. जतु हेही तिचेच नाव, म्हणून ते जतुगृह. केरिया लॅक्का नावाचा एक इवलासा कीटक पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वसाहत करतो आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच स्रवतो. झारखंड, छत्तीसगड इथले आदिवासी शेतकरी ही लाख काढतात. आपल्याकडे गोंदियाच्या बाजूलाही ती होते. फांद्यांवरून खरवडून, धुऊन, दाणा लाख करतात. ती कापडी पिशवीत घालून विस्तवापुढे वितळवायची, पिळून काढायची आणि पातळ पापुद्र्यासारखी ताणायची, की झाला चपडा. १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे केवळ लाखेच्या संशोधनासाठी संस्था निघाली, इतके या पदार्थाला महत्त्व होते. एका मिनिटात ७८ फेरे घेणाऱ्या ज्या तबकड्यांवर आपल्या आजोबांनी बालगंधर्व ऐकले, त्या तबकड्याही लाखेच्याच. सावंतवाडीचे लाखकाम आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी यांत तर पॉलिशचा डबाच नसतो. चरकावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, आणि चन्नपट्टणला केवड्याच्या जातीचे पान दाबून धरून तिला तकाकी आणतात.

चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की त्याच्या अंगी दोन गुण दिसतात. एक, तो जवळजवळ कशालाही चिकटतो, तेलकट लाकडालासुद्धा, आणि खालचे तेल वर येऊ देत नाही. दुसरा, नवा थर आधीच्या थरात विरघळून मिसळतो, म्हणून डागडुजी सोपी जाते. दोष म्हणजे गरम कप ठेवला किंवा अत्तर सांडले की त्यावर पांढरे वलय उठते. त्याच्यात मेणही थोडे असते. ते तळाशी बसू देऊन वरचा निवळ चपडाच वापरला, तर त्यावर पीयूदेखील नीट बसते. तेव्हा ठरले असे: फळी मशिनला लावायची नाही. थिनरच्या फडक्याने वरवरचे तेल चार-पाच वेळा पुसून घ्यायचे, मग चारही प्रकारच्या लाकडांवर निवळ चपड्याचे दोन पातळ हात द्यायचे, आणि वरचे पॉलिश त्यानंतर. तुकड्यावर करून पाहिले. बेटे उमटली नाहीत. डाग खाली तसाच होता, पण बोटाला लागत नव्हता आणि प्रकाश त्याच्यावरून शेजारच्या लाकडासारखाच परतत होता. उंचीच्या खुणांमध्ये आम्ही चपड्याचेच थेंब पुन्हा पुन्हा सोडले, वाळू दिले, आणि खाचा भरून आल्यावर वरून सपाट घासल्या. खूण दिसते, नख अडकत नाही.

या वेळी आम्हाला जे समजले ते एका वाक्यात सांगता येईल. रंग आणि तकाकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘सगळे एकसारखे हवे’ असे म्हणणारा माणूस बहुधा तकाकी मागत असतो. तुळई गडद, नवे सागवान फिके, देवघराच्या फळीवर डाग. पण प्रकाश सगळ्यांवरून सारखा परतू लागला की ते सामान एका घरातले वाटते. तो सारखा परतत नसेल, तर एका रंगाचे लाकूडही ठिगळांचे दिसते.

तकाकी सारखी ठेवायची, पण किती? आईंची मागणी लखलखीतची होती. त्या वेळी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि शस्त्रक्रियेची तारीख पुढे होती. आम्ही मॅट, सॅटिन आणि ग्लॉस असे तीन तुकडे त्यांच्या वाचायच्या दिव्याखाली ठेवले आणि शेजारी त्यांचे वर्तमानपत्र ठेवले. चकचकीत तुकड्यावर त्यांनी कौतुकाने हात फिरवला. मग वाचायला घेतले आणि थोड्या वेळाने तो तुकडा स्वतःच बाजूला सारला. “हा दिसायला छान आहे, पण याच्या उजेडाने माझी अक्षरं पुसतात.” मोतीबिंदू असलेल्या डोळ्यात झगमगता प्रकाश आतच विखुरतो आणि समोरचे धुऊन निघते. त्यांनी मधला तुकडा निवडला. वाचायच्या मेजाची तकाकी वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी ठरवावी, हे तेव्हा इतके उघड वाटले, की दुकानातल्या तक्त्यांवरून ती निवडणारे लोक काय पाहून निवडत असतील याचे नवल वाटले.

वरच्या थरांविषयी थोडके सांगतो. भर येण्यासाठी पहिले दोन हात ग्लॉसचे दिले, कारण भुकटी नसल्यामुळे ते पारदर्शक राहतात आणि शिरा स्वच्छ दिसतात. सॅटिनचा हात फक्त शेवटचा, कारण प्रकाशाशी गाठ वरच्या पृष्ठभागाचीच पडते. प्रत्येक हातानंतर ३२० च्या कागदाने हलके घासून धूळ पुसली. हात पातळ, कड ओली असतानाच पुढचा पट्टा, आणि मागे वळून दुरुस्ती नाही. शेवटचा हात वाळला तरी काम संपवले नाही. सामान तीन आठवडे तसेच ठेवले, कारण स्पर्शाला वाळलेले पॉलिश आतून कडक व्हायला वेळ घेते. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या ६०० च्या कागदाने आणि त्यानंतर मेण लावलेल्या अगदी बारीक पोलादी लोकरीने, फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ, सारख्या दाबाने घोटले. फेऱ्या मोजून घोटले.

‘घोटणे’ हे क्रियापद आम्ही अक्षरासाठी वापरतो, काढ्यासाठी वापरतो, आणि हातकागदावर शाई फुटू नये म्हणून तो घोटीत असत, त्यासाठीही वापरतो. लाकडाच्या बाबतीत त्याचा अर्थ हाताला समजला तेव्हा जरा चकितच व्हायला झाले. घोटल्याने ओरखडे नाहीसे होत नाहीत. वेगवेगळ्या मापांचे, वेगवेगळ्या दिशांचे ओरखडे जातात आणि एकाच मापाचे, एकाच दिशेचे असंख्य बारीक ओरखडे त्यांच्या जागी येतात. डोळ्याला जी एकसारखी, रेशमी तकाकी दिसते ती या ओरखड्यांची असते. ब्रशने जे साधत नाही ते या शेवटच्या घोटण्याने साधते, म्हणून ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी इतर सर्व गोष्टींत तो वाचवावा, इथे नको.

एक सूचना काळजीपोटी करतो. जवसाच्या तेलाचे काम केले असेल, तर तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल वाळताना उष्णता सोडते, आणि गुंडाळलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत. लाक्षागृहासाठी पुरोचनच लागतो असे नाही.

जुनिचिरो तानिझाकी या जपानी लेखकाने १९३३ मध्ये सावलीच्या सौंदर्यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. लाखेसारख्या रोगणाची भांडी मंद दिव्याच्या अंधारातच खुलतात, विजेच्या प्रकाशात ती भडक वाटतात, असा त्याचा एक मुद्दा आहे. आमच्या वाड्यातले लाकूडही समईच्या आणि कंदिलाच्या उजेडासाठी होते. तिथे त्याला पॉलिश नव्हते. हातांनी, पाठींनी, धुराने आणि तेलाने आलेली एक काळसर चमक होती. फ्लॅटमध्ये पांढरे दिवे आहेत. तानिझाकीशी आमचे भांडण नाही, पण मोतीबिंदू घेऊन वर्तमानपत्र वाचणाऱ्या बाईला अंधाराचे सौंदर्य समजावून सांगणे आम्हाला जमणार नाही. लाकडाने आता या दिव्यांखाली राहायला शिकायला हवे, आणि मधली तकाकी ही त्याची तडजोड आहे.

आईंची शस्त्रक्रिया २०२४ च्या अखेरीस झाली. पहिल्या दिवशी पट्टी निघाल्यावर त्या मेजाशी बसल्या आणि म्हणाल्या, “हे एवढं पिवळं नाहीये की!” जुने नेत्रभिंग पिवळसर होत जाते, त्यामुळे इतके दिवस त्यांना सारेच पिवळे दिसत होते. मग त्यांना डाग दिसला. तो मेजाच्या उजव्या अंगाला आला आहे. त्यांनी त्यावर बोट फिरवून पाहिले, बोट नाकाशी नेले, आणि काही न बोलता चष्म्याचे घर त्याच्यावर ठेवले. ते अजून तिथेच असते.

संपादनाचे काम करणाऱ्या मित्रांना हे सारे ओळखीचे वाटेल. निरनिराळ्या लेखकांचे लेख एका ग्रंथात आणताना आम्हीही एकसारखेपणा मागतो. शुद्धलेखन एक, टंक एक, संदर्भांची पद्धत एक. तेवढी तकाकी वाचणाऱ्याच्या सोयीसाठी लागते. पण पुष्कळदा संपादकाचा हात पुढे जातो आणि बोलीतले वाक्य, जुना प्रत्यय, एखाद्याची आडवळणी मांडणी असे तीन-तीन मिलिमीटर सगळ्यांवरून काढले जातात. ग्रंथ कोरा करकरीत निघतो, आणि कोणाचा लेख कोणता हे नाव वाचल्याशिवाय कळत नाही.

मेजाविषयी मात्र एक गोष्ट आतापासूनच दिसते आहे. सॅटिन पृष्ठभागावर जिथे रोज हात घासतो तिथे तो बारीक खडबडीतपणा झिजतो आणि ती जागा हळूहळू चकचकीत होते. मेजाच्या पुढच्या कडेला, आईंच्या दोन्ही कोपरांच्या खाली, तिरप्या उजेडात दोन चकत्या आता ओळखू येतात. पुन्हा लोकर आणि मेण घेऊन अर्ध्या तासात त्या घालवता येतील. मिस्त्रींनी मागे एकदा येऊन पाहिल्या आणि तसे सुचवलेही. आईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितले, की दिवाळीनंतर बघू. दिवाळी होऊन गेली आहे.